निर्णय आधी, पत्र नंतर

प्राथमिक शाळांतून इतिहास शिकवणाऱ्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

या संमेलनाची अध्यक्ष म्हणून मी थेट मुद्द्यावर येते. चौथी ते सहावीच्या मुलांना इतिहास आणि नागरिकशास्त्र अभिनयातून शिकवावे, हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. गिजुभाई बधेकांचे ‘दिवास्वप्न’ येऊन नव्वद वर्षे होऊन गेली. त्यातला वर्गही चौथीचाच आहे. पण आपण अभिनय कशाला म्हणतो? स्नेहसंमेलनात मूल जिरेटोप घालते, पाठ केलेले संवाद खणखणीत आवाजात म्हणते, टाळ्या घेते. त्यात त्याने एकही निर्णय घेतलेला नसतो. वर्गातल्या भूमिकेत मुलाला निर्णय घ्यावाच लागला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

याचे एक उदाहरण घेऊ. चिपळूणला मुक्काम असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र आपल्याला ठाऊक आहे. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा आणि वैरण आताच उधळली तर पुढे घोडी मरतील. मग लोक कुणब्यांचे धान्य, भाजी, गवत ओढून आणू लागतील आणि रयतेला मोगल परवडले असे वाटेल, ही त्यातली चिंता. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत त्यात बारकावा आहे. चौथीच्या वर्गाला याहून चांगला कागद मला माहीत नाही.

वर्गाचे गट करा: हवालदार, घोड्यांची निगा राखणारे, कुणबी, कारकून. कारकुनांना वैरणीच्या पेंढ्यांचा आणि घोड्यांचा आकडा द्या आणि पावसाळाभर रोज किती वाटायचे, ते मुलांनाच ठरवू द्या. हा आकडा आपण कल्पिलेला आहे, हेही त्यांना सांगा. पुरावा कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते, हे दहा वर्षांच्या मुलाला कळते, आणि कळायलाच हवे. गट भांडतील, हिशेब चुकेल, कुणबी चिडतील. ते सगळे झाल्यावरच पत्र वाचून दाखवा. आधी वाचलेत तर मुले फक्त तुम्हाला हवे ते उत्तर देतील. नंतर त्यांच्याकडून छावणीचा आराखडा काढून घ्या: गंजी कुठे, चूल कुठे, दिवा कुणी विझवायचा. दुकानातून आणलेल्या आणि पालकांनी रात्री जागून चिकटवलेल्या थर्माकोलच्या किल्ल्यापेक्षा या आराखड्याला मी कधीही जास्त गुण देईन.

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा पाठ घेताना मात्र सावध राहा. अपमान करणारा आणि अपमान सोसणारा अशा भूमिका मुलांना कधीही वाटू नका; समोरच्या एखाद्या मुलाच्या घरात अस्पृश्यतेची जखम अजून ओली असते. त्याऐवजी नगरपालिकेची सभा भरवा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या लोकांसह त्या तळ्यावर जावे लागले. ठराव होऊनही पाणी का मिळाले नाही? सहावीची मुले या प्रश्नावर तासभर बोलू शकतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली नगरपालिका त्यांना तेव्हा खरी समजते.

इथे उपस्थित असलेल्या केंद्रप्रमुखांना आणि अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: अशा तासाला वर्गात गलका असतो, त्याला बेशिस्त समजू नका आणि भेटीच्या शेऱ्यात तसे लिहू नका. आणि शिक्षकांनो, पुढच्या संमेलनाला येताना आपल्या तालुक्यातला एखादा जुना कागद, शिलालेख किंवा ग्रामसभेचा ठराव घेऊन या, आणि त्यावर तुमच्या मुलांनी काय निर्णय घेतले, तेही लिहून आणा.