ट्रॅक्टरच्या पोटांतील पाणी

अमेरिकेच्या आयोवा राज्यांतील वॉटर्लू शहरीं १९६३ ते १९७२ या काळांत जॉन डियर कंपनीचा ‘४०२०’ हा ट्रॅक्टर तयार होत असे. त्यांतील कित्येक आजही शेतांत राबत आहेत. अशा जुन्या डीझेल इंजिनाचा मालक तेलाची काळजी पोटच्या पोराप्रमाणें घेतो. पाण्याचें मात्र, रेडिएटर कांठोकांठ दिसला कीं, त्याचें समाधान होतें. नेमका येथेंच घात होतो.

या इंजिनांत पिस्टन ज्या नळकांड्यांत खालींवर धांवतो तो लायनर सुटा बसविलेला असतो. त्याच्या आंत आग, बाहेर प्रत्यक्ष पाणी, आणि दोहोंमध्यें कांहीं मिलिमीटर जाडीची बिडाची भिंत. डीझेलचा भडका उडतांच पिस्टन खालीं लोटला जातो. परंतु जोडदांडा तिरपा असल्यामुळें तो एका बाजूस आपटतो, आणि देवळांतील घंटेप्रमाणें लायनर थरथरतो. ही थरथर डोळ्यांस दिसण्याजोगी नसते. भिंत पाण्यापासून मागें सरते त्या निमिषांत तेथील दाब उतरून वाफेचे सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात. ती परत येतांच ते मिटतात. बुडबुडा मिटणें ही किती क्षुल्लक गोष्ट! पण जहाजांचे पंखे समुद्रांत कशानें खाल्ले जातात, या प्रश्नाचा विचार करतांना लॉर्ड रॅले यांनीं १९१७ सालीं गणितानें दाखविलें कीं, मिटणाऱ्या पोकळीपाशीं पाण्याचा दाब प्रचंड वाढतो. यंत्रज्ञ या क्रियेस कॅव्हिटेशन म्हणतात. लायनरच्या एकाच उभ्या पट्ट्यावर हा मारा तासन् तास चालतो, आणि वाळवी लागलेल्या खांबासारखी त्याची स्थिति होते : आंतून गुळगुळीत, पाठीमागून पोखरलेला.

छिद्र आरपार गेलें कीं पाणी सिलिंडरांत झिरपतें. तें उतरून तेलांत मिसळलें तर तेल दुधाळ होतें आणि बेअरिंगें निकामी होतात. पिस्टनवर पाणी सांचलें असतां सकाळीं कोणी इंजिन सुरू केलें, तर पाणी कांहीं दबत नाहीं. वांकतो तो जोडदांडा.

यावर उपाय स्वस्त आहे. कूलंटमध्यें नायट्राइटसारखीं द्रव्यें घातलीं म्हणजे लायनरच्या पाठीवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो. बुडबुडे बिडाऐवजीं तो थर फोडतात, आणि फुटल्या जागीं तो पुन्हां धरतो. मात्र या दुरुस्तींत द्रव्य खर्ची पडतें, आणि रेडिएटरची पातळी पाहून तें कळत नाहीं. त्याकरितां कागदी पट्ट्या मिळतात; पट्टी कूलंटमध्यें बुडवावी आणि तिचा रंग डबीवरील रंगांशीं ताडून पाहावा. कमी भरलें तर द्रव्य घालावें, पण अदमासानें ओतूं नये. मोटारीच्या हिरव्या कूलंटमध्यें सिलिकेट आधींच पुष्कळ असतात. त्यांत आणखी भर पडली तर खळीसारखा लगदा होऊन रेडिएटरच्या नळ्या तुंबतात.

पाणी उणें झालें कीं विहिरीची बादली उपडी करणें, ही शेतकऱ्याची जुनी खोड. त्या पाण्यांतील क्षारांचें कीटण लायनरवर बसून उष्णता कोंडते, आणि प्रत्येक बादलीगणिक उरलेलें द्रव्यही पातळ होतें. ऊर्ध्वपातित पाणीच वापरावें. रेडिएटरचें झांकण सैल असेल तर तेंही बदलावें. आंतील दाब टिकला तर बुडबुड्यांना जन्म घेणें जड जातें.

आयोवाच्या कडाक्याच्या थंडींत पाण्यांत निम्मे ग्लायकोल घालतात. हें ग्लायकोल गोड पण विषारी असतें. काढलेलें कूलंट उघड्या घमेल्यांत ठेवल्यास कुत्रीं तें चाटतात व मरतात. जेथें पाणी कधीं गोठत नाहीं तेथील मालकास हा खर्च व्यर्थ वाटतो. परंतु लायनरची थरथर उन्हाळ्यांतही थांबत नाहीं, आणि संरक्षक द्रव्य तेथेंही लागतेंच. जुना ट्रॅक्टर विकत घेणारा जाणता गिऱ्हाईक म्हणूनच रंगाकडे व टायरांकडे नंतर वळतो. इंजिन थंड असतांना झांकण काढून तो आधीं पट्टी बुडवितो, मग तेलाची दांडी ओढून तेल दुधाळ तर नाहीं ना, तें पाहतो.