संस्थेबाहेर, पण कोणाच्या भरवशावर?



 अमरावती हा गाडगेबाबांचा जिल्हा. कुष्ठरुग्णांना गावाने वेशीबाहेर काढले, तेव्हा दाजीसाहेब पटवर्धनांनी इथेच तपोवन उभे केले. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी जवळ केले, स्वतःचे नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली; पण अठरा वर्षांची झाल्यावर या मुलांनी जायचे कुठे, हा त्यांचा जुना प्रश्न आपल्यापुढे उभाच आहे. म्हणून संस्थांविषयी आज मी बोलेन ते कृतज्ञता ठेवूनच.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. त्याचे कलम ९ आपण रोज डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे. केवळ दिव्यांगत्वामुळे मुलाला आईवडिलांपासून वेगळे करता येत नाही. मुलाच्या हितासाठी न्यायालयाने आदेश दिला, तरच. आईवडिलांना सांभाळणे जमत नसेल तर आधी जवळचे नातेवाईक, मग समाजातलेच एखादे कुटुंब आणि अगदी अपवाद म्हणून निवारागृह. आपल्याकडे मात्र अपवादच पहिला सुचतो.

त्याची किंमत मुले मोजतात. बालगृहात वाढलेली सोळा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. भाजी तिला ताटातच दिसते, कपडे गठ्ठ्यातून मिळतात, हातात दहा रुपयांची नोट कधी आलेलीच नाही. ‘व्यवहारज्ञान नाही’ असा शेरा फायलीत पडतो. तिला कोणी दुकानात पाठवलेच नाही, याची नोंद कुठेच होत नाही. ती कशाला घाबरते, कोणत्या कुशीवर झोपते, हे फक्त तिथल्या मावशींना ठाऊक असते. मूल कुटुंबात जाताना त्या मावशींना काही दिवस सोबत धाडायला काय हरकत आहे?

आणि दुसरी बाजूही तितकीच खरी. कापूस वेचायला जाणाऱ्या आईला संस्थेतून परतलेले मूल घरात कोंडून जावे लागत असेल, तर आपण फक्त कुलूप बदलले. बालसंगोपन योजनेचे महिन्याचे २,२५० रुपये तिच्या उपयोगाचे आहेतच. पण दिवसभर मुलाजवळ बसणारे माणूस त्यातून मिळत नाही. दिवसा सांभाळणारे केंद्र, घरी येणारा थेरपिस्ट, आई आजारी पडली तर चार दिवस मूल ठेवून घेणारी जागा, हे सगळे तालुक्याच्या गावी हवे. संस्थेवरचा खर्च मुलामागोमाग त्याच्या वस्तीत गेला पाहिजे.

मित्रहो, या संमेलनाच्या समारोपाच्या ठरावात ‘संस्था बंद करा’ एवढेच लिहून आपण उठू नये. प्रत्येक जिल्ह्यात आधी कोणत्या सोयी, कोणाच्या जबाबदारीवर आणि कोणत्या तारखेपर्यंत उभ्या राहतील, ते त्यात नाव घेऊन लिहावे, अशी स्वागत समितीच्या वतीने माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.