फोटोतली मोटार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी दाराशी गुलाबदाणी घेऊन उभी असते. ते माझे ठरलेले काम, आणि ते मला जमते. यंदा कार्यवाहबाईंनी चैत्रातल्या हळदीकुंकवाला आमच्या मोटारीची हकीगत ऐकली आणि म्हणाल्या, "हीच सांगायची, पण उभे राहून." माझे शिक्षण सातवीपर्यंत. मोटार चालवणे तर दूरच, स्कूटरवर मागे बसले तरी माझे लक्ष पदराकडे असते. तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्या.

आमच्या माजघरात एक फोटो होता. फोटोत उघडी मोटार, वरचे कापडी छत मागे घडी करून ठेवलेले. शेजारी कोट, धोतर आणि पगडी घातलेले माझे आजेसासरे. त्यांच्या डाव्या बाजूला नऊवारी नेसलेली एक तरुण बाई. डोक्यावरून पदर इतका पुढे ओढलेला, की निम्मा चेहरा सावलीत. मागे खाकी कोटातला ड्रायव्हर. बाईचा एक हात बाजूला पसरलेला, जणू मोटारीच्या मडगार्डवर टेकला आहे. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय थाट होता हो तुमचा! घरची मोटार!" आणि आम्हीही "होता खरा" म्हणत चहा पुढे करायचो.

आता घरातले थोडे सांगायला हवे. आजेसासऱ्यांची दोन लग्ने झाली. थोरल्या आजेसासूबाई शके १८४८ च्या आषाढात, म्हणजे १९२६ साली, तापाने गेल्या. मागे दोन वर्षांची मुलगी राहिली, त्या आमच्या आत्याबाई. १९२९ च्या वैशाखात दुसरे लग्न झाले. ह्या धाकट्या आजेसासूबाईंची पहिली दोन मुले गेली, आणि १९४० साली माझे सासरे झाले. या साऱ्या तारखा कुळाच्या वहीत आजेसासऱ्यांच्या हातच्या आहेत.

मोटारीचा फोटो थोरल्या बाईंचा, असे घरात ठरलेले होते. ते कसे ठरले, हेही ऐका. आत्याबाई १९६९ साली वारल्या. त्यांच्या सासरहून १९७२ साली त्यांची ट्रंक आमच्याकडे आली. तिच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेला हा फोटो होता. सासरे तेव्हा नोकरीवर परगावी होते. चुलतसासूबाईंनी फोटो पाहिला आणि निकाल दिला, "मुलीने जन्मभर जपला, म्हणजे तिच्या आईचाच. शिवाय मोटार आहे, म्हणजे पेढीचे दिवस चांगले होते तेव्हाचा. धाकटीच्या वेळी कुठली आली मोटार!" त्यांनीच तो चौकटीत बसवून आणला. तेव्हापासून अविधवा नवमीला तो उतरवायचा, पाटावर ठेवायचा, हळदकुंकू वाहायचे आणि सवाष्ण जेवू घालायची. मी स्वतः हे चोवीस वर्षे केले आहे.

धाकट्या बाईंचा मात्र एकही फोटो नाही. आजेसासरे १९५८ साली गेले, आणि त्यानंतर त्या कधी कॅमेऱ्यासमोर आल्या नाहीत. १९६७ साली त्याही गेल्या. माझे सासरे आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. माणूस अबोल. एकदाच मला म्हणाले होते, "आईचे हात आठवतात. तोंड आता नीट आठवत नाही."

दोन वर्षांमागे पावसाळ्याच्या तोंडी चौकटीच्या आत कसर दिसली. म्हणून मी चौकट उघडली. (मैत्रिणींनो, जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, रंग काचेवरच राहतो. तो काचेसकट तसाच ठेवावा आणि त्याचा दुसरा फोटो काढून घ्यावा. आमचा सुदैवाने चिकटला नव्हता, कारण मध्ये पुठ्ठ्याची किनार होती.) ती किनार काढली आणि मी मटकन खाली बसले. पुठ्ठ्याने फोटोची कड दोन बोटे झाकली होती. त्या कडेला एक मुलगी उभी होती. परकर-पोलके, दोन वेण्या, वय सात-आठ. आणि बाईचा तो हात मडगार्डवर नव्हता, त्या मुलीच्या खांद्यावर होता.

थोरल्या बाई गेल्या तेव्हा आत्याबाई दोन वर्षांच्या होत्या. मग ही मुलगी कोण? आणि ती आत्याबाई असतील, तर ही बाई कोण?

मी सासऱ्यांना दाखवले. त्यांनी फोटो बराच वेळ हातात धरला. मग परत दिला आणि म्हणाले, "अंदाजाने आई ठरवायची नाही." चुलतदीर म्हणाले, मुलगी कोणी भाचीपुतणी असेल. खरेच होते. परकर-पोलक्यावरून काय सिद्ध होणार? फोटोच्या मागे तारीख नाही, स्टुडिओचा शिक्का नाही. माणसांपैकी सांगणारे कोणी उरले नाही. उरली मोटार.

कॉलेजात जाणारा पुतण्या मोबाइलवर जुन्या मोटारींची चित्रे काढून बसला आणि मी भिंग घेऊन. भिंग घेऊन फोटो पाहायचा तर खिडकीपाशी, ऊन थेट न पडेल असा धरावा. दिव्याखाली नुसती चकाकी दिसते. मोटारीच्या तोंडावर, म्हणजे पाणी गार होते त्या जाळीच्या वरच्या बाजूला, लंबगोल खूण होती. अक्षरे पुसट, पण आकार स्पष्ट. शेवरलेटची खूण बांधलेल्या बो-टायसारखी असते, ती ही नव्हे. लंबगोल म्हणजे फोर्ड.

पण लगेच अडलो. पुतण्याच्या चित्रांत चालकाचे चाक डावीकडे, आमच्या फोटोत उजवीकडे. तो म्हणाला, "काकू, फोटो उलटा छापलाय." हे मात्र मला पटेना. मी शिवणकाम करते. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, आणि आजेसासऱ्यांच्या कोटाची तशीच होती. फोटो उलटा असता तर कोटही उलटा झाला असता. मग उलगडले, की चित्रे अमेरिकेतल्या गाड्यांची होती. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचे, म्हणून चाक उजवीकडे. हिंदुस्थानसारख्या इंग्रजी अमलाखालच्या मुलखात फोर्डच्या गाड्या कॅनडातल्या कारखान्याकडून येत.

फोर्डची सर्वांत गाजलेली गाडी मॉडेल टी. १९०८ पासून १९२७ पर्यंत ती निघत होती, दीड कोटीच्या घरात निघाल्या. आमची टी असेल तर थोरल्या बाईंचा फोटो होऊ शकतो. तिच्यानंतरची असेल तर होऊ शकत नाही. सगळे एवढ्यावर येऊन ठेपले.

आमच्या बोळाच्या तोंडाशी एक मिस्त्री राहतात, वय ऐंशीच्या पुढे. लहानपणी गॅरेजात हाताखाली लागले तेव्हा असल्या गाड्या अजून रस्त्यावर होत्या. मी फोटो नेला आणि म्हटले, चाके तारेची आहेत. ते म्हणाले, "वहिनी, चाकं ऱ्हाऊ द्या. टी ला लाकडी आऱ्यांची चाकं असायची खरी, पण शेवटाला तारेची बी मिळायची. तुम्ही पेट्रोलची टाकी कुठं हाय ते सांगा." आता टाकी मी कुठे शोधणार? त्यांनीच बोट ठेवले. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, मधोमध, डब्याच्या झाकणाएवढे टोपण होते. मला तो इतकी वर्षे डाग वाटला होता.

बहुतेक टी गाड्यांची टाकी पुढच्या बैठकीखाली असे. पेट्रोल भरायचे तर माणसांना उठवून गादी उचलायची. नंतरच्या गाडीत टाकी चालकाच्या गुडघ्यांपुढे आणली आणि टोपण बाहेर, काचेपुढे ठेवले. टाकी उंचावर, इंजिन खाली, त्यामुळे पेट्रोल आपोआप उतरे, पंप लागत नसे. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखेच. या नंतरच्या गाडीचे नाव मॉडेल ए.

घरी येऊन हे सांगितले तर आमच्या ह्यांनी सगळे धुळीला मिळवले. म्हणाले, "ए आधी की टी आधी? ए म्हणजे टीच्या आधीची गाडी. म्हणजे फोटो थोरल्या आजीचाच." मी रात्रभर जागी. सकाळी पुतण्याने शोधले. फोर्डने १९०३ साली आपल्या पहिल्या गाडीला ए म्हटले होते. पण टी बंद केल्यावर त्यांनी अक्षरे पुन्हा पहिल्यापासून धरली आणि नव्या गाडीलाही ए च म्हटले. १९०३ ची ती गाडी म्हणजे घोडा नसलेली बग्गीच. आमच्या फोटोतल्या गाडीशी तिचा काही संबंध नाही. नवी ए अमेरिकेत लोकांपुढे आली डिसेंबर १९२७ मध्ये आणि १९३२ च्या सुरुवातीपर्यंत निघाली, ४८ लाखांहून जास्त.

डिसेंबर १९२७. थोरल्या बाई जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, तुमच्याही फोटोंना उपयोगी पडेल. मोटारीवरून फोटोचे साल कळत नाही. फोटो कोणत्या सालाच्या आधीचा नाही, एवढेच कळते. फोटोत कुकर दिसला तर तो फोटो कुकर निघण्याआधीचा नसणार, पण कुकर दहा वर्षांचा जुना असू शकतो. आम्हाला मात्र "आधीचा नाही" एवढेच हवे होते.

मिस्त्रींनी आणखी बारकाई दाखवली. १९२८-२९ च्या ए गाड्यांची चाके २१ इंची, १९३०-३१ च्या १९ इंची, त्यामुळे नंतरची गाडी बसकी दिसते. १९३० पासून जाळीभोवतीची चौकट न गंजणाऱ्या पोलादाची, म्हणजे आपल्या डब्यांच्या स्टीलसारखी केली, आणि १९३१ साली तिच्यावर वरखाली रंगाची पट्टी आली. आमच्या फोटोत वर एक काळा पट्टा आहे. भिंगातून त्याच्या कडा सरळ दिसतात. म्हणजे गाडी १९३१ ची. त्या सुमारास आत्याबाई सात-आठ वर्षांच्या.

राहिला प्रश्न मोटारीच्या मालकीचा. मी माळ्यावरच्या कीर्दी काढल्या. मोडी मला येत नाही, पण आजेसासऱ्यांनी नंतरच्या वह्या बाळबोधीत ठेवल्या होत्या. पेट्रोलचा खर्च कुठेच नाही, ड्रायव्हरचा पगार नाही. शके १८५३ च्या वहीत, माघात, एक ओळ सापडली: "नरसोबाचे वाडीस सर्व्हिस मोटार भाडे, मंडळी ३." पुढचा आकडा कसरीने खाल्लेला. माघ १८५३ म्हणजे १९३२ चा फेब्रुवारी. मंडळी तीन, म्हणजे नवरा, बायको आणि सवतीची लेक.

घरची मोटार गेली. पुतण्याला फार वाईट वाटले, त्याने मित्रांना सांगून ठेवले होते. सासऱ्यांना मी कीर्द, भिंग आणि फोटो तिन्ही नेऊन दिले आणि स्वयंपाकघरात गेले. तासाभराने हाक आली. त्यांनी पेन्सिल मागितली. (फोटोच्या मागे शाईच्या पेनाने लिहू नये, ती पुढे फुटते. मऊ पेन्सिलीने, कडेला, न दाबता लिहावे.) त्यांचा हात थरथरतो म्हणून म्हणाले, "तू लिही." आधी वडिलांचे नाव सांगितले, मग आत्याबाईंचे माहेरचे. आईचे नाव सांगताना थांबले. सासरचे नाव सांगितले, आणि मग तिचे माहेरचेही सांगितले. ते घरात आजवर कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या भाद्रपदात अविधवा नवमीला पाटावर थोरल्या बाईंसाठी नारळ आणि खण ठेवला, कारण त्यांचा फोटो कुठेच नाही. सवाष्ण नेहमीसारखीच जेवली. मोटारीचा फोटो सासऱ्यांच्या खोलीत, पलंगावरून दिसेल असा लावला आहे, आणि या वेळी पुठ्ठ्याची किनार घातलेली नाही.