ओढा दुरुस्त होतो डोंगरावर



संयोजकांनी मला सॉफ्टवेअरवर बोलायला सांगितलं होतं. पण तो विषय तुमची मुलं तुम्हाला घरी रोजच शिकवत असतील. म्हणून मी आज एका माशाबद्दल आणि त्याच्या ओढ्याबद्दल बोलणार आहे.

मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहते. त्याच्या नैऋत्य भागात टेकड्या आणि अरुंद खोरी आहेत. हिमयुगातल्या हिमनद्या या भागाला वळसा घालून गेल्या, म्हणून तो सपाट झाला नाही. तिथल्या झऱ्यांच्या ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा राहतो. सुट्टीच्या दिवशी मी तो पकडायला जाते. गळाला खरा किडा नसतो, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. मासा लागला की बहुतेक वेळा ओल्या हातांनी धरून परत पाण्यात सोडायचा. “मग जातेस कशाला?” असं माझी आई दर फोनला विचारते.

आई, जाते ते पाणी बघायला. ट्राउटला थंड आणि स्वच्छ पाणी लागतं. पाणी 20 अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. मादी शेपटीने गोटे बाजूला सारून खड्डा करते आणि त्यात अंडी घालते. गोट्यांमधल्या फटींतून पाणी खेळतं, म्हणून अंडी जगतात. त्या फटींत माती बसली की अंडी गुदमरून मरतात. म्हणजे ओढ्यात ट्राउट टिकून आहे, याचा अर्थ वरची जमीन जागेवर आहे.

शंभर वर्षांपूर्वी ती जागेवर नव्हती. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या लोकांनी तिथल्या उतारांवर शेती सुरू केली. नांगरट उताराच्या दिशेने व्हायची आणि गुरं टेकडीभर चरायची. पावसाबरोबर माती खाली आली. काही खोऱ्यांत गाळाचे कित्येक फुटांचे थर साचले. ओढे रुंद, उथळ आणि कोमट झाले. तिथला मूळचा ब्रूक ट्राउट अनेक ओढ्यांतून नाहीसा झाला.

1933 साली कून क्रीक नावाच्या ओढ्याच्या सुमारे 90 हजार एकर खोऱ्यात सरकारने मृदसंधारणाचं काम सुरू केलं. अख्खं पाणलोट क्षेत्र धरून केलेलं अमेरिकेतलं ते पहिलं प्रात्यक्षिक. काम ओढ्यापासून दूर, शेतांत सुरू झालं. समतल रेषेवर नांगरट, पिकाच्या आणि गवताच्या आलटूनपालटून पट्ट्या, बांधबंदिस्ती, आणि टेकडीवरच्या जंगलात गुरांना बंदी. यात मोठा वाटा शेतकऱ्यांचा होता. 1975 ते 1993 या काळात त्या खोऱ्यात गाळ साचण्याचा वेग मोजला, तेव्हा तो 1930 च्या दशकातल्या वेगाच्या सुमारे 6 टक्के भरला. पाऊस वाहून जाण्याऐवजी मुरू लागला, झरे बळावले, ओढ्यांचं पाणी पुन्हा गार झालं.

खुद्द ओढ्यातही काम चालतं. आम्ही हौशी मासेमार शनिवारी मदतीला जातो. उभे तुटलेले काठ तासून तिरके करतात, म्हणजे पुराचं पाणी शेतात पसरून शांत होतं. काठाखाली ओकच्या फळ्यांचे खोके बसवून वर दगड-माती टाकतात. खाली माशांना लपायला जागा होते. पण वरून माती येत राहिली, तर हे खोके गाळात जातील. आमच्या धंद्यातही हेच होतं: बिघाड दिसतो एका ठिकाणी आणि कारण असतं दुसरीकडेच.

हे काम एकदा करून संपतही नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये प्रचंड पाऊस झाला आणि कून क्रीकच्या खोऱ्यातली काही जुनी छोटी धरणं फुटली.

यात तुम्हाला नवीन काही वाटणार नाही. ‘माथा ते पायथा’ हे शब्द आपल्याकडच्या प्रत्येक पाणलोटाच्या कामात ऐकू येतात. ‘जमिनीची धूप व तिच्यावरील उपाय’ हे उत्तर तर भूगोलाच्या बाईंनी आपल्याकडून घोटून घेतलं होतं.

ते उत्तर आज लिहायची वेळ आली आहे. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेमागच्या ओढ्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत बांधावी, असा प्रस्ताव आहे. हेतू चांगलाच आहे, दर पावसाळ्यात मैदानात पाणी शिरतं. पण भिंतीत कोंडलेलं पाणी जोरात खाली जाईल आणि खालच्या वस्तीत शिरेल. शिवाय टेकडीवरची माती येतच राहील.

माझी विनंती एवढीच, की पैसे आधी टेकडीवर खर्च करूया. समतल चर खणू, गवत राखू, चराई थोडी वर्षं थांबवू. काठावर करंज, उंबर, जांभूळ लावू. वरच्या शेतकऱ्यांशी आधी बोलावं लागेल, कारण जमीन त्यांची आहे. दोन-तीन पावसाळे बघू, मग भिंतीचं ठरवू. माझी वर्गणी दोन्ही बाबतीत नक्की आहे.

आपल्या ओढ्यात ट्राउट कधीच येणार नाही. पण दगड उचलल्यावर खाली खेकडा सापडला, तर काम बरोबर चाललं आहे असं समजू.