हातातलं कसब

आज पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

तुमचं आणि तुमच्या आईवडिलांचं मनापासून अभिनंदन. तुमच्यापैकी काहींच्या हातात नेमणुकीचं पत्र आहे, काहींच्या नाही. दोघांनाही मला एकच सांगायचं आहे. नोकरी दुसरा देतो आणि तोच काढूनही घेऊ शकतो. कसब तुमचं स्वतःचं असतं. पण ते नेमकं कोणतं, हे तुम्हाला ओळखता आलं पाहिजे आणि परक्या माणसाला पटेल असं सांगता आलं पाहिजे.

मी विमान देखभालीतला माणूस. आमच्या क्षेत्रानं थोड्या वर्षांत बरंच पाहिलं. ऑक्टोबर 2012 मध्ये किंगफिशरची उड्डाणं थांबली. 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं. मे 2023 मध्ये गो फर्स्ट बंद पडली. दर वेळी हजारो घरं हादरली. मी होतो ती कंपनीही अशीच बसली. पगार आधी उशिरा आला, मग अर्धा आला, मग आलाच नाही. घराचा हप्ता आणि मुलांची फी मात्र कुणासाठी थांबत नाही.

आमच्या लायसनची एक अट आहे. मागच्या 2 वर्षांत किमान 6 महिने विमानांवर काम केलेलं नसेल, तर विमान उड्डाणयोग्य असल्याची सही करता येत नाही. म्हणजे घरी बसलेल्याचं लायसनही हळूहळू निकामी होतं. त्यामुळे सगळे त्याच मोजक्या जागांच्या मागे धावले. काहींना दुसऱ्या विमान कंपनीत जागा मिळाली, काही आखातात गेले. आम्ही उरलेले इतर उद्योगांतल्या मुलाखतीत सांगायचो, ‘बोइंग 737 चं टाइप रेटिंग आहे.’ समोरचा मान हलवायचा आणि ‘कळवतो’ म्हणायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्याकडे बोइंग नव्हतं.

मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं सांगितलं, ‘हुद्दा लिहू नकोस. रात्रपाळीत तुझे हात काय करतात, ते लिही.’ मी लिहायला बसलो.

एक रात्र आठवली. पहाटे साडेतीनची वेळ. काम संपलेलं, पॅनेल लावायचं बाकी. टूलबॉक्समध्ये प्रत्येक हत्याराची खाच असते आणि 10 मिलिमीटरच्या सॉकेटची खाच रिकामी होती. ते काम करणारा मुलगा स्वतःहून पुढे आला, ‘सर, एक कमी आहे.’ विमान तिथंच थांबवलं. टॉर्च घेऊन कोपरा न् कोपरा पाहिला. शेवटी सॉकेट पुसायच्या फडक्याच्या घडीत सापडला. विमानाला उशीर झाला, पण प्रमुखांनी त्या मुलाची पाठ थोपटली.

मोजायचं, लपवायचं नाही, अंदाजानं पुढे जायचं नाही. ही शिस्त इतकी कडक का, तेही ऐका. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची कॉकपिटची काच हवेतच उडाली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं आणि सहवैमानिकानं विमान सुखरूप उतरवलं, म्हणून सगळे वाचले. ती काच आदल्या दिवशी पहाटे, रात्रपाळीत बसवलेली होती. तिच्या 90 बोल्टांपैकी 84 बोल्ट हवे होते त्यापेक्षा किंचित बारीक निघाले. पुस्तकात क्रमांक न पाहता जुन्या बोल्टाशी नजरेनं जुळवून ते निवडले होते.

माझी यादी अशी झाली: ठरल्या टॉर्कला बोल्ट आवळणं आणि त्याची नोंद करणं, हायड्रॉलिक्स, बोरस्कोपनं यंत्राच्या पोटातलं पाहणं, फायबरची दुरुस्ती, पुढच्या पाळीला नीट समजेल असं लिहून देणं. ती यादी साताऱ्याकडच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीत उपयोगी पडली. पवनचक्कीची पाती फायबरची, वर गिअरबॉक्स आणि मनोऱ्याच्या जोडांवर रांगेनं बोल्ट. माझे इतर सोबतीही असेच मार्गी लागले. कुणी मेट्रोच्या कारशेडमध्ये गेलं, कुणी रिफायनरीत पाइपांच्या भेगा तपासतं, कुणी शिकवतं.

सगळंच सोबत आलं, असं मी म्हणणार नाही. पगार कमी झाला, ज्येष्ठता गेली. उंचीवर काम करण्याचं प्रशिक्षण नवशिक्यांबरोबर बसून घेतलं. माझा वरिष्ठ माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होता. त्याला ‘सर’ म्हणणं मला जड गेलं नाही, कारण त्या यंत्रातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ज्याला जास्त कळतं त्याच्याकडून शिकावं, हेही हँगरनंच शिकवलं होतं.

म्हणून आजच काही सवयी लावून घ्या. एक वही ठेवा आणि केलेलं काम हुद्द्याशिवाय, साध्या मराठीत लिहा. प्रमाणपत्रं आणि अनुभवाचे दाखले वेळच्या वेळी स्वतःकडे घ्या. कंपनी बुडाल्यावर सही करायला कुणी सापडत नाही. पहिली गाडी घेण्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाका. शेजारच्या धंद्यातलं काहीतरी दरवर्षी शिका. आणि सोबत्याची नोकरी गेली, तर त्याला फोन करा. त्या दिवसांत फोन वाजेनासा होतो, तेच सगळ्यात लागतं.

पालकहो, तुम्हालाही हात जोडून विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी कधी काम गमावून घरी आली, तर ‘पुढे काय?’ हे पहिल्या दिवशी विचारू नका. आधी जेवू घाला.

मित्रमैत्रिणींनो, तुम्ही तपासलेल्या यंत्रांवर अनोळखी माणसं विसंबून राहणार आहेत. ती तुम्हाला कधी भेटणार नाहीत, तरी त्यांचा जीव तुमच्या सहीवर असेल. सही कोणत्या कंपनीच्या कागदावर, हे आयुष्यात अनेकदा बदलेल. जे डोळ्यांनी पाहिलं नाही, त्यावर सही करू नका. एवढं सांभाळलंत, तर काम मिळायला वेळ लागेल, पण तुम्ही कुठंही कामाचे ठराल.