वस्तीला हिरवा आडोसा



गावठाणात जागा पुरेना, म्हणून पुष्कळ कुटुंबं रानात वस्ती करून राहिली. विहीर जवळ, गोठा जवळ, पिकाची राखण आपोआप होते. पण घराला आडोसा राहत नाही. नहाणी उघड्यावर आणि शेजारून गाडीवाट. मग बायकांनी उजाडायच्या आत अंघोळी उरकायच्या, नाहीतर चार मेढी रोवून जुनं लुगडं बांधायचं. वावटळ आली की तेही उडतं. बाया हे बोलून दाखवत नाहीत आणि पुरुषांच्या ध्यानात येत नाही. म्हणून आज नहाणी आणि अंगणाभोवतीच्या जिवंत कुंपणाविषयी सांगायचं आहे.

शेताच्या बांधाला चिलार, सागरगोटा ठीक. काट्याला जनावर भितं. घराजवळ पोरं खेळतात, तिथं काटा नको. शेर तर लावूच नका. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते. घाणेरी फुकट येते खरी, पण पुढं शेतात शिरते. माझ्या मते अडुळसा उत्तम. बारमाही हिरवा, पान रुंद, आणि शेळी सहसा तोंड लावत नाही. खोकल्याच्या काढ्यालाही पान कामी येतं. गरोदर बाईला मात्र तो काढा देऊ नये. पाणी अगदीच कमी असेल तर मेंदी लावा, पण ती वाढायला वेळ घेते.

उन्हाळ्यातच फूटभर रुंद, फूटभर खोल चर खणून तापू द्या. भिंतीपासून चार-पाच फूट लांब घ्या, म्हणजे छाटणीला फिरता येतं. शेजाऱ्याच्या हद्दीपासूनही दोन-तीन फूट आत राहा. फांद्यांवरून भांडण नको. चरात कुजलेलं शेणखत आणि माती भरा. पाऊस चांगला लागला की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांच्या काड्या घ्या. निम्म्याहून जास्त काडी मातीत जाऊ द्या. दोन ओळी करा, दोन्हींत फूटभर अंतर, आणि एका ओळीतल्या दोन काड्यांच्या मध्ये दुसऱ्या ओळीतली काडी येऊ द्या.

आता छाटणी. बहुतेक कुंपणं बिघडतात ती इथंच. रोप जोमानं वर चाललं की कापायला हात धजत नाही. मग शेंडा वर पळतो आणि बुडाशी नुसत्या काड्या उरतात. आडोसा तर बुडापासून हवा! म्हणून रोप फूट-सव्वा फूट झालं की निर्धास्तपणे निम्म्यावर कापा. खालून चार फांद्या फुटतील. त्या वीतभर वाढल्या की पुन्हा शेंडे खुडा. छातीइतकं होईपर्यंत हेच करायचं. आकार पालथ्या पाटीसारखा ठेवा, बुडाशी रुंद आणि वर निमुळता. म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं. वरची बाजू रुंद झाली की खालची पानं गळालीच म्हणून समजा.

पाण्याची काळजी नको. नहाणीचं सांडपाणी चरातून फिरवा, एका जागी मात्र तुंबू देऊ नका. बुडाशी पालापाचोळा साचू देऊ नका, साप-विंचवाला जागा होते.

डोक्याइतकं दाट व्हायला दोन-तीन पावसाळे जातील. तोवर आतल्या बाजूनं तुराट्यांचा कूड उभा करा. मर झालेल्या जागा पुढच्या पावसाळ्यात छाटणीतल्याच काड्यांनी भरून घ्या.