दुसऱ्याचा माल, आपली पत

(अकलोली येथे तरुण व त्यांच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



वज्रेश्वरीचे दर्शन आणि अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांतील स्नान यांसाठी येथे वर्षभर माणसांचा राबता असतो. त्या आधारावर येथील अनेक दुकाने चालतात. दुसरीकडे, आपल्याच तालुक्यात देशभरातील घरांत माल पोहोचवणारी अवाढव्य गोदामे उभी राहिली आहेत. ‘माल न भरता, गाळा न घेता इंटरनेटवर दुकान काढा’ ही जाहिरात आपल्या तरुणांना भुरळ घालते, त्यात नवल नाही. या व्यवसायाचे मर्म आज समजून घेऊ.

बाजार समितीतील अडत्या आपणांस परिचित आहे. मालाचा धनी दुसरा, ग्राहक दुसरा. अडत्याला मिळते ती अडत. ‘अॅफिलिएट’ दुकान याच जातीचे. मोठी कंपनी आपल्या मालाची यादी पुरवते. तिला ‘प्रॉडक्ट फीड’ म्हणतात. तीत वस्तूचे नाव, किंमत, छायाचित्र, शिल्लक आणि दुवा असतो. त्या दुव्यात आपली खूण असते. ग्राहक त्यावरून कंपनीच्या दुकानात गेला आणि ठरलेल्या मुदतीत खरेदी केली, तर आपणांस दलाली मिळते. अॅमेझॉनकडे ही मुदत साधारणपणे अवघी २४ तासांची असते. माल परत गेला की दलालीही गेली.

काम सोपे भासते. हजारो वस्तू एका रात्रीत दुकानात मांडता येतात. नेमका येथेच घात होतो. तीच यादी, तेच वर्णन शेकडो जण मांडतात. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ या नावाने ओळखला जाणारा बदल केला आणि उसनवारीच्या मजकुरावर उभी असलेली असंख्य संकेतस्थळे शोधयादीत तळाला गेली. शिवाय यादी रात्री घेतली आणि दुपारी किंमत बदलली, तर ग्राहकाला आपल्या दुकानात एक दर दिसतो आणि कंपनीकडे दुसरा. फसवल्याचा आळ आपल्यावर येतो.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. दर ठरवणारा धनी वेगळा असतो. एप्रिल २०२० मध्ये अॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरील दलाली ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणि किराणा मालावरील ५ वरून १ टक्क्यावर आणली. ज्यांचा सारा संसार त्यावर होता, त्यांची मिळकत एका सूचनेने आटली. त्यांना विचारले कोणी? म्हणून नोकरी सोडून वा कर्ज काढून या धंद्यात उडी घेणे शहाणपणाचे नव्हे.

मग करूच नये काय? अवश्य करावे, पण अडत्या जगतो तो पतीवर, हे ध्यानी ठेवून. हजार वस्तूंऐवजी चाळीस निवडा. त्या स्वतः पारखा. विजेचा दाब कमी-जास्त होणाऱ्या गावात कोणता मिक्सर टिकतो, पावसाळ्यात कोणते बूट तग धरतात, दुरुस्ती कोठे होते, हे आपल्या मराठीत लिहा. दोषही लिहा. ही माहिती कोणत्याही फीडमध्ये मिळत नाही. यादी रोज ताजी करा. संपलेला माल उतरवा. आणि आपणांस दलाली मिळते, हे ठळकपणे सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्याने आपला आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक आहे. कायदा नसता तरी प्रामाणिक व्यापाऱ्याचा तो धर्मच होता.

या दुकानाकडे शिकाऊ उमेदवारी म्हणून पाहा. ग्राहक काय शोधतो, कशावर विश्वास ठेवतो, माल का परत करतो, हे येथे अल्प भांडवलात शिकता येते. हे शिक्षण पुढे आपल्या मातीतील मालासाठी वापरा. शेजारच्या वाडा तालुक्याच्या कोलम तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भिवंडीच्या मागांवर कापड विणले जाते. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओएनडीसी’ या खुल्या जाळ्यामुळे एकाच कंपनीच्या दारी न बांधता असा माल विकण्याचा मार्गही उपलब्ध झाला आहे.

गोदाम परक्याचे असेल, माल परक्याचा असेल. परंतु ग्राहकाचा विश्वास आपण मिळवलेला असतो. तो राखला, तर आजचा अडत्या उद्याचा व्यापारी होईल. अकलोलीच्या तरुणांनी ही जिद्द धरावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आपली रजा घेतो.